वद्यातला वाफा

रिकामा टब काट्यावर ठेवला आणि आकडा आला आठशे चाळीस ग्रॅम. दळायला द्यायची बाजरी मोजायची होती. बाजरीचा डबा माझ्या हातातच राहिला.

आठ दिवसांपूर्वी अशाच टबांत घालून मी मुळे मोजले होते.

घरामागच्या तीन गुंठ्यांत माझे सासरे, आबा, अजून भाजी करतात. बाकीची जमीन केव्हाच कंपन्यांखाली गेली. जे जमिनीखाली वाढतं ते आबा वद्य पक्षात लावतात, चंद्र उतरता असताना. पालेभाजी शुद्ध पक्षात. रणजीतला, माझ्या नवऱ्याला, तिथे भाड्याच्या खोल्या बांधायच्या होत्या. आमच्या गावात, निघोज्यात, आता प्रत्येकाच्या परसात खोल्या आहेत. दिवाळीनंतर एकदा जेवताना तो म्हणाला, "आबा, मुळ्याला काय कळतंय आज चतुर्थी हाय का एकादशी?"

"मुळ्याला न्हाई कळत, मातीला कळतं," आबा म्हणाले. "लावून बघ की."

त्यावरून पैज ठरली. दोन सारखे वाफे, एकाच पाकिटातलं बी, पाणी सारखं. एक वद्यात लावायचा, दुसरा पंधरा दिवसांनी शुद्धात. दोन्ही पंचेचाळिसाव्या दिवशी उपटायचे. वद्यातला वाफा वजनाला भारी ठरला तर रणजीत खोल्यांचं नाव काढणार नव्हता. नाही ठरला तर आबा जागा मोकळी करून देणार होते.

मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी चाकणच्या एका कंपनीत मोजमाप विभागात आहे. उपकरण शून्यावर आहे की नाही, हे रोज सकाळी तपासण्याचा मला पगार मिळतो.

वद्यातला वाफा भरला एकतीस किलो दोनशे. त्या दिवशी मी आधी रिकामा टब ठेवून काटा शून्यावर आणला होता. पंधरा दिवसांनी दुसरा वाफा मोजायला घेतला, तेव्हा मी पहिल्या शिफ्टहून थेट आले होते. आबांनी मुळे धुऊन टब भरून ठेवले होते. मी काटा सुरू केला आणि भरलेले टब एकेक करून वर ठेवले. चार टब, सगळे सारखे. तेहतीस किलो चारशे.

शेजारचे सोपानराव कुंपणापाशी उभे होते. "भिमाजी, सूनबाईनं तुझा चंद्र नापास केला रं!"

आबाही हसले होते. "मशिनीवर बघून सांगती ती. तुज्यावानी अंदाजपंचे न्हाई."

चार टबांचे तीन किलो तीनशे साठ. ते वजा केल्यावर शुद्धातला वाफा राहिला तीस किलो चाळीस ग्रॅम. म्हणजे आबांचा वाफा एक किलो एकशे साठनं पुढे होता.

विटांचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

मी मागे गेले. आबा पाण्याचा पाइप गुंडाळत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी पाइप खाली ठेवला.

"म्हंजे माजा भारी व्हता?"

"हो."

"मंग चंद्राचं खरं म्हनायचं."

इथे 'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. "तसं नाही म्हणता येणार, आबा. पंधरा दिवसांत थंडी बदलते. शिवाय एकेका वाफ्यावरून काहीच कळत नाही. असे वीस-पंचवीस वाफे लावायला हवेत, दोन-तीन वर्षं."

"हे तुला आत्ता कळलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पैज लावली तवा म्हाईत व्हतं?"

"होतं."

"मंग बोलली न्हाईस ती?"

खोल्या मलाही हव्या होत्या. मुलाच्या, सार्थकच्या, कॉलेजसाठी आकुर्डीला घर घ्यायचं आमच्या मनात होतं. पैजेतून जागा मिळाली असती तर भांडण झालं नसतं. यातलं काहीही मी मोठ्यानं म्हटलं नाही, पण त्यांना ते दिसलं असावं. त्यांनी नजर वळवली.

"टब म्या उचलून दिलं व्हतं," ते म्हणाले. "शुद्धातलं हलकं लागलं हाताला. पन तू तेहतीस म्हनलीस. म्हनलं, हात म्हातारा झाला आपला. त्या दिसापास्नं पान्याची बादलीसुदिक भरून उचलली न्हाई."

"मी रणजीतला सांगते," मी म्हणाले. "काम थांबवू."

"काय सांगशील? खरं काय ते तुलाबी म्हाईत न्हाई आन् मलाबी न्हाई." त्यांनी पाइप पुन्हा उचलला. "आन् त्येला कशाला सांगतीस? सोपानाच्या कानावर गेलं तर गावभर करंल तो. मापाचीच नोकरी हाय तुजी, नाव जाईल. ऱ्हाऊ दे."

मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली. मधलं अंतर फार नव्हतं, पण ते होतं, आणि त्याच्याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही.

सकाळी ट्रॅक्टर आला. रणजीत पुढे होऊन ड्रायव्हरला हातवारे करत होता. मी दोनदा त्याच्याजवळ गेले. पहिल्यांदा तो फोनवर होता. दुसऱ्यांदा त्यानं विचारलं, "काय गं?" मी म्हणाले, "चहा आणू का ड्रायव्हरला?"

"थांब रं जरा," आबा ड्रायव्हरला म्हणाले.

कडेला बियासाठी सोडलेले दोन मुळे होते, पांढऱ्या फुलांवर आलेले. आबा सावकाश खाली बसले. एकेक मुळा त्यांनी बोटांनी मोकळा करून उपसला. मुळांना धरलेली माती चिमटीनं सोडवून खाली टाकली, पडलेले खड्डे बुजवले आणि वरून तळहात फिरवून जागा सारखी केली. मग मुळे काखेत धरून ते बाजूला झाले.

"घे मागं," ते म्हणाले. "अजून घे. येऊ दे."