विहिरीतली ट्यूब समुद्रावर

"ह्या ट्यूबनं माझं गुडघं पार मोडलं! घरातनंच हवा भरून आणायची काय गरज हुती म्हणते मी?" भाड्याच्या ट्रॅक्स जीपमध्ये मला ढकलत मीनाबाई पुटपुटल्या.

मित्रांनो, ती ट्यूब म्हणजे मीच. मी एक जुनी, सहा ठिगळांची ट्रॅक्टरची ट्यूब आहे. कागलजवळच्या एका वस्तीत राहते. १९९१ साली पंक्चरवाल्याने मला टाकून दिले, तेव्हा केरबाआजोबांनी उचलून आणले. पुढे दहा उन्हाळे वस्तीतली निम्मी पोरं माझ्यात बसून विहिरीत पोहायला शिकली. दर वेळी आधी आजोबा मला पाण्यात दाबून बुडबुडे शोधत. गळेल तिथे ठिगळ. त्यात लाज कसली?

पण गेल्या थंडीत आजोबांच्याच अंगावरून वारं गेलं. उजवा हात उठेना. तेव्हापासून मी कोपऱ्यातून बघते आहे. त्यांची बायको मीनाबाई चहाचा कप डाव्या बाजूला ठेवतात. मुलगा प्रसेनजीत "उशीर झालाय" म्हणत त्यांच्या सदऱ्याची बटणे लावतो. हाताचे नाव मात्र कोणी काढत नाही.

आणि यंदाच्या मे महिन्यात आम्ही घाट उतरून मासेमारांच्या गावी आलो. आजोबांनी नऊ वर्षांच्या नातीला, दीक्षाला, फार पूर्वी शब्द दिला होता, "तुला समुद्रात मी पवायला शिकवणार."

होड्या वर ओढलेल्या होत्या. सुकत घातलेले मासे उलटणारी एक बाई म्हणाली, "आजोबानू, आज पाण्याक वड आसा, माणसाक आत खेचता."

"आमी साठ फुटी विहिरीत उड्या टाकल्याली माणसं, बाई!" आजोबा हसले.

मला मात्र हे पटेना. विहिरीला कठडा असतो, पायऱ्या असतात. इथे तर वाळूच पायाखालून सरकत होती. दीक्षा माझ्यात बसली. आजोबांनी मला डाव्या हाताने धरले. मीनाबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या.

"आबा, आदी जेवूया की," प्रसेनजीत म्हणाला. आणि त्याने जेवणाचा डबा पुढे केला.

पाणी आजोबांच्या कमरेला लागले आणि लाट आली. मी गर्रकन फिरले, डाव्या हाताची पकड सुटली. आजोबांनी खांदा पुढे टाकला, पण उजवा हात काही माझ्यापर्यंत आला नाही. मी आत चालले. दीक्षा किंचाळली. प्रसेनजीत कपड्यांनिशी धावला आणि त्याने मला कसेबसे किनाऱ्याला ओढले.

मित्रांनो, मला दर उन्हाळ्यात तपासले म्हणून मी टिकले. घरातल्या माणसालाही असेच जवळ बसून विचारत जा. त्याचे दुखणे झाकून ठेवणे म्हणजे माया नव्हे.

आजोबा माझ्याशेजारी वाळूत बसले होते. ओली दीक्षा त्यांना खेटून बसत म्हणाली, "आज्जा, परत जाऊया की पाण्यात!"

मीनाबाईंनी मान वळवली. प्रसेनजीत वाळू उकरू लागला.

आजोबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि दीक्षाच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो हात गेलाय, पोरी. मला आता पवायला येत न्हाय."