दाराकडे पाहिले

समुपदेशन केंद्रातल्या टेबलावर हेमकांतने मेंदूचा तक्ता पसरला. एरवी तो बारावीच्या वर्गात भिंतीवर असायचा. आज गुंडाळी करून, रबर लावून आणला होता. हेमकांत कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो.

"हा अमिग्डला," त्याने पेनचं टोक एका लाल ठिपक्यावर ठेवलं. "बदामाएवढा असतो. राग इथे पेटतो. कपाळामागचा हा भाग त्याला आवरतो. माझा हा भाग कमजोर आहे, सेरोटोनिन नावाचं रसायनही कमी असणार. याला जैविक दृष्टिकोन म्हणतात, मॅडम. मधुमेह झालेल्या माणसाला तुम्ही माफी मागायला लावता का?"

समोर समुपदेशक सुषमा गावित होत्या. शेजारी हेमकांतची आई कमलबाई, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको रुपा. रुपाच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. एकोणीस दिवसांपूर्वी उत्तरपत्रिकांवर तिच्या हातून पाण्याचे चार थेंब सांडले होते. हेमकांतने ते मनगट पिरगळून मोडलं.

समझोत्याचा कागद तयार होता. त्यावर रुपाची सही आणि घरातल्या मोठ्यांची, म्हणजे कमलबाईंची, हमी लागणार होती. दोन्ही मिळाल्या तर रुपाने आजच त्या घरी परत जायचं. नाही तर फाइल सोमवारी पोलीस ठाण्यात.

"तपासणी केली?" सुषमाताईंनी विचारलं.

"स्कॅन केला. नॉर्मल आहे. रसायनं स्कॅनमध्ये दिसत नाहीत."

"मग ती कमी आहेत हे कुणी सांगितलं?"

"मॅडम, मी चौदा वर्षं हा विषय शिकवतोय."

"त्याना बाप भी तसाच व्हता," कमलबाई मध्येच म्हणाल्या. "रगतमाच शे हाई. पोरगा काय करी?"

"आनुवंशिकता," हेमकांत म्हणाला. आईने बरोबर उत्तर दिल्यासारखी त्याने मान डोलावली.

सुषमाताईंनी पेन खाली ठेवलं. "माझे काका चिंचपाड्याला असायचे. त्यांच्या मेंदूत गाठ होती. त्यांनी काकूला मारलं, पास्टरना मारलं, सलाइन लावायला आलेल्या नर्सला मारलं. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं. मेंदू बिघडतो हे मला शिकवू नका. तुम्ही रुपाशिवाय आणखी कुणाला मारलंत?"

"प्रत्येक केस वेगळी असते."

"नाव सांगा. एक."

हेमकांत तक्ता सरळ करत बसला.

एवढ्यात हवालदार दिलवरसिंग टपालाची वही घेऊन आत आले. सुषमाताई सही करू लागल्या. रुपा उठली. तिने उजव्या हाताने टेबलावरचा भरलेला ग्लास उचलला आणि हेमकांतच्या छातीवर रिकामा केला. शर्ट भिजला, पँट भिजली, तक्त्यावरचा लाल ठिपका पाण्याखाली गेला.

दिलवरसिंग थबकले. "काय झालं, सर?"

हेमकांतने खिशातून रुमाल काढला. "काही नाही, काही नाही. हरकत नाही." तो चक्क हसला.

"हरकत नाही?" रुपाचा आवाज फाटला. "चार थेंबांना माझं मनगट, आणि आख्ख्या ग्लासाला हरकत नाही? कुठे गेला तुमचा बदाम? प्राचार्य सगळ्या स्टाफसमोर तुम्हाला गाढव म्हणाले, तेव्हा 'येस सर' म्हणालात. मला मारलंत घरी आल्यावर, कडी लावून. एवढं आवरता येतं, कडी लावेपर्यंत! तुमच्या मेंदूला खाकी कळते, खुर्ची कळते. फक्त मीच कळत नाही?"

दिलवरसिंगांनी वही उचलली आणि ते बाहेर गेले.

रुपा सासूकडे वळली. संताप तसाच होता, पण आता ती घरच्या बोलीत बोलत होती. "आत्याबाई, मामाजीनी तुमना दात पाडा, तव्हय समोर कोन व्हतं?"

कमलबाईंचा हात ओठांकडे गेला. नवऱ्याने पाडलेला डावीकडचा सुळा पस्तीस वर्षांपासून नव्हता.

"कोनी नही," त्या म्हणाल्या.

"आनि पोलीस पाटील दारशी उना, तव्हय काय म्हनेत?"

कमलबाईंनी तक्त्यावरच्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चहा मांड, म्हने. गोड आवाजमा."

हमीच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड समोर ठेवलेला होता. कमलबाईंनी तो दोन बोटांनी मागे लोटला. "चाळीस वरीस मी रगतनं नाव लिधं," त्या मुलाला म्हणाल्या. "तुन्हा बाप भी पानी पुसी टाकता, समोर पाटील ऱ्हाता तर. मन्हा अंगठा भेटाव नही."

"माय!"

हेमकांत उभा राहिला. मान लाल झाली, उजवी मूठ वळली. मग त्याने दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर दिलवरसिंग तंबाखू मळत बसले होते. हेमकांतची मूठ सुटली. तो खाली बसला.

"लिहा, मॅडम," रुपा म्हणाली. "आधी दाराकडे पाहिलं."

सुषमाताईंनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं: सकाळी अकरा बेचाळीस. पतीच्या अंगावर पाणी पडले. म्हणाले, हरकत नाही. अकरा पन्नास. आईने हमी नाकारली. पतीने मूठ वळली, दाराकडे पाहिले, मूठ सोडली.

समझोत्याच्या कागदावर त्यांनी आडवी रेघ मारली. ओला तक्ता मात्र परत दिला नाही. वाळवून, घडी घालून फाइलला लावला. सोमवारी फाइल ठाण्यात गेली.