एका वाक्याला आमेन नाही

माझं पोट दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर भरतं. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. त्यामुळे रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत आमची मुलगी स्मृती एका वाक्याला आमेन म्हणत नाही, हे माझ्या कानांनी लगेच पकडलं.

ही पद्धत माझ्या मिरजेच्या घरची. जेवणाआधी सगळ्यांनी एकत्र बसायचं, मी एकेक विनंती मोठ्याने मांडायची आणि प्रत्येकीमागून बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो, मनात नसेल तर म्हणायचं नाही, अशी ताकीद स्मृतीला लहानपणी मीच दिलेली. आता ती दहावीत आहे. आजोबांच्या गुडघ्यांसाठी आमेन, परीक्षेसाठी आमेन. पण "हे घर आजवर राखलंस, पुढेही असंच राख" म्हटलं की पोरगी गप्प.

पहिल्या दिवशी वाटलं, जांभई आली असेल. चौथ्या दिवशी मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला घर नकोसं का झालंय? पळून-बिळून जायचा बेत तर नाही? सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत हजार फ्लॅट, कोण कुणाला भेटतं कुणाला कळतंय. मी घाबरलो. आणि घाबरलो की मी चिडतो.

मग मी प्रार्थनेतच तपास सुरू केला. आज त्याची लाज वाटते, तेव्हा ती हुशारी वाटली होती. रोज एक नवं वाक्य घालून बघायचं. "प्रभू, स्मृतीला वाईट संगतीपासून दूर ठेव." आमेन, खणखणीत. चर्चमध्ये गिटार वाजवणाऱ्या प्रणीतला लांबच्या गावी चांगली नोकरी मिळू दे, असंही मागून बघितलं. त्यालाही आमेन. आमच्यात लपवाछपवी नको म्हटलं, तर सगळ्यांत मोठं आमेन. पुन्हा घराचं वाक्य घेतलं, पुन्हा शांतता. वॉचमनला विचारलं, ही कुणाशी बोलत उभी असते का? तो मान हलवत कन्नडमध्ये "गोत्तिल्ला सार", म्हणजे माहीत नाही, म्हणाला. दप्तर उपसलं, तर भूगोलाच्या वहीत बिस्किटाचा कागद सापडला.

माझ्या बायकोला, वीणाला, विचारायला हवं होतं. पण आमच्यात तसं बोलणं उरलं नव्हतं. मागच्या वर्षी तिची आई आमच्याकडे राहायला होती. मी कुणाला न विचारता सासूबाईंचं निपाणीला परत जायचं तिकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यावर भांडणही झालं नाही. फक्त तेव्हापासून "पप्पांना विचार, डबा हवा का" असे निरोप स्मृतीमार्फत येऊ लागले, आणि माझी उत्तरंही तशीच जाऊ लागली. मला त्याची सवय झाली होती.

तिसऱ्या शनिवारी सकाळी वीणा भाजीला गेली, तेव्हा मी स्मृतीला समोर बसवलं. आवाज चढवला आणि मुलाचं नाव विचारलं.

ती रडली नाही. "मुलगा-बिलगा कुणी नाहीये, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही रोज मागता, हे घर असंच राख. तुम्ही आणि मम्मी एकमेकांशी माझ्या तोंडून बोलता. मला असं घर नकोय. मग मी आमेन कसं म्हणू?"

अभ्यास कर, एवढंच म्हणालो, आणि ते म्हणतानाच स्वतःचा राग आला.

संध्याकाळी तिघंही बसलो. आजोबांचे गुडघे झाले, परीक्षा झाली. मग ते वाक्य आलं. मी म्हणालो, "प्रभू, हे घर असं राखू नकोस. वीणाच्या आईला मी न विचारता धाडलं, ते माझं चुकलं."

आमेन आलं ते वीणाचं. स्मृतीच्याही आधी, जरा कापरं. घराच्या वाक्याला वीणा आजवर आमेन म्हणत होती की नाही, मी आठवून पाहिलं. मला सांगता येईना. तीन आठवडे मी फक्त पोरीकडे कान लावून बसलो होतो.