बिनपाण्याचा टँकर

मी एक जुना टँकर आहे. मित्रांनो, हंडे खाली ठेवा. माझ्यात कधीच पाणी नव्हतं.

माझा जन्म वाळूजच्या एका शेडमध्ये झाला. अंगावर जाड पोलाद, पाठीवर रंगवलेली हिरवी पानं. सिल्लोडच्या अलीकडे मक्यापासून इथेनॉल करणारा एक कारखाना होता. तिथं मका आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता पकडत, दाबून, गारठवून माझ्या पोटात भरत. मी तो बंदरावर नेई. तिथून जहाजानं तो भर समुद्रातल्या जुन्या तेलविहिरींवर जाई. विहिरींत तो कोंबला की खडकाला चिकटलेलं उरलंसुरलं तेल वर येई. ते तेल जाळून पुन्हा धूर होई. जाता-येता मीही डिझेल ढोसत असे. या सगळ्याला पृथ्वी वाचवणं म्हणत. पहिल्या फेरीला मला झेंडूचा हार घातला होता.

गॅस गारठवायच्या यंत्रांना पाणी लागे. ते शेजारच्या पाझर तलावातून येई. तलाव गावाचा, पाणी उपसणारं इंजिन कारखान्याचं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी तलाव अर्धा झाला. दुसऱ्या वर्षी इंजिन तेवढं उरलं.

याच तलावावर गोजरबाई आणि तिचा नवरा धोंडिबा यांची मेंढरं जगत होती.

आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर दिसला की माणसं काही विचारत नाहीत, नंबरानं हंडे मांडतात. एका दुपारी वाडीच्या वळणावर हंड्यांनी सगळा रस्ता अडला. फकिरा ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"बाई, सरका. पाणी नाय ह्याच्यात."

"मग काय हाय?" सगळ्यात पुढं गोजरबाई होती.

"हवा."

"हवा? आन ती टँकरनं नेता व्हय? आमच्या हितं लई हाय, फुकट न्या!"

बायका हसल्या. हंडे मात्र हलले नाहीत. गोजरबाई माझ्या चाकापुढं बसली. "बारा मेंढरं मेली माझी. बाकीच्यांना पाणी मिळंस्तोवर गाडी हलायची नाय."

फकिरानं फोन लावला. कारखान्याचे मॅनेजर नानासाहेब जीपमधून आले आणि समुद्रातल्या तेलाची गोष्ट समजावून सांगू लागले.

"म्हंजी, हवा कोंबली की तेल वर येतं?" गोजरबाईनं विचारलं.

"बरोबर, मावशी!"

"मग आमच्या हिरीत कोंबा की. पाणी यील."

नानासाहेब इंजिनिअर होते. म्हणाले, "त्याला खाली मुळात पाणी असावं लागतं, मावशी."

"व्हतं. तुमी यायच्या आदी व्हतं."

नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं. बंदरावर जहाज थांबलं होतं. "उद्या सकाळी पाण्याचा टँकर पाठवतो. माझा शब्द. आता जाऊ द्या."

धनगराच्या वाडीत शब्द दिला की दिला. गोजरबाईनं आपला हंडा उचलला. तिचं पाहून बाकीच्यांनीही उचलले.

चार दिवसांनी मी परतलो. हंडे रस्त्याकडेला रांगेत होते, कोरडे. गोजरबाई मला पाहून उठलीसुद्धा नाही. आठवड्याच्या बाजारी धोंडिबानं उरलेली मेंढरं सिल्लोडला नेऊन विकली.

पुढं माझी झडप गळू लागली. आता मी कारखान्यामागं उभा आहे. माझ्या जागी नवा टँकर आलाय, त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त पानं आहेत. गोजरबाई इथंच रोजंदारीवर आहे. फाटकाजवळच्या हिरवळीला ती पाईपनं पाणी घालते. पाहुणे येणार असले की दोनदा. त्या पाण्याचा टँकर मात्र रोज वेळेवर येतो.

परवा जाता जाता तिनं माझ्या पोटावर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

"आता तरी खरं बोलतूयास," ती म्हणाली.

मित्रांनो, जुनी वस्तू शेवटी म्हणते, माझी निगा राखा. माझी नका राखू, भंगारवाला बघून घेईल. एवढंच ध्यानात ठेवा: रस्त्यावर मांडलेला हंडा भरल्याशिवाय उचलू नका. समोरचा कितीही गोड 'मावशी' म्हणाला तरी.