चौघांचं सिरप

लहान मुलांच्या घरात सर्दी न बोलावता येते. एकाचं नाक वाहायला लागलं की आठवड्यात सगळं घर शिंकत असतं. आंधळगावच्या हेमराजच्या घरीही तेच. त्यात धाकट्या गुड्डीला मागच्या वर्षी न्युमोनिया होऊन गेला होता. तेव्हापासून तिची आई हर्षा कुणी शिंकलं तरी दचकायची.

मोबाइलवर तिने एल्डरबेरीच्या सिरपबद्दल वाचलं. परदेशातल्या काळ्या फळांचं सिरप, रोज चमचाभर घेतलं की म्हणे सर्दी जवळ येत नाही. मोहाडीच्या पतसंस्थेत कारकून असलेल्या हेमराजने लगेच मागवलं. रोज सकाळी हर्षा, हेमराज, मोनू आणि गुड्डी ओळीने चमचा चाटत. त्या फळाने सर्दी किती अडते, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण बाटली आली आणि हर्षाला निवांत झोप लागू लागली, एवढं खरं.

घरात पाचवं माणूसही होतं. हेमराजची आई, ललिताबाई. तिला पोळ्यापासून खोकला होता. "म्हातारपणाची सर्दी," हेमराज म्हणाला. धानकापणी सुरू झाली तेव्हा म्हणाला, "धानाची धूळ." लेकरांना लागू नये म्हणून तिची खाट बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत गेली, ताट-गिलास वेगळे झाले. सिरप तिला कुणी दिलं नाही, तिनेही मागितलं नाही. "मले कायले? लेकरायले द्या," म्हणून ती पदर तोंडाला लावायची. गुड्डी धावत आली की हातानेच लांब राहायला सांगायची. नातीला कुशीत घेतल्याशिवाय न झोपणारी बाई ती! तिला काय वाटत असेल, हे त्या घरात कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा भरली. नाटक पाहायला, गणगोताला भेटायला घरोघरी पाहुणे आले. सिहोऱ्याहून ललिताबाईची धाकटी बहीण कुंताबाई आली आणि सपरीतच थबकली. बहिणीच्या अंगातलं पोलकं खांद्यावरून घसरत होतं.

"हेमराज, बाईले दवाखान्यात नेलं का गा?"

"सर्दीच तर होय मावशी. आमी सगळे सिरप घेऊन राहिलो. लेकरायले काही होत नाही."

"लेकरायचं नाही विचारलं मी. माह्या बहिणीचं विचारलं."

हर्षा दारात आली. "मावशी, गुड्डीले मांगच्या साली किती झालं होतं, तुमाले माहीत आहे. मले भेव वाटते."

"वाटनच. माय आहेस तू. लेकराले जपलं, चांगलंच केलं." कुंताबाईचा आवाज चढला नाही. "पन तुमी चौघं हिच्यापासून वाचून राहिले. हिले कोन वाचवन? खोकला हिले आहे, अन् औषध तुमी घेऊन राहिले. असं कुठं असते का, बापू?"

 हेमराजने आईकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहत होता. खाटेवर आईच्या जागी मूठभर हाडं उरली होती.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षयरोग निघाला. दोन्ही फुप्फुसं पोखरली होती. "हा बरा होणारा आजार आहे," डॉक्टर म्हणाले, "गोळ्या फुकट मिळतात. पण यांना फार आधी आणायला हवं होतं." घरच्या सगळ्यांनाही तपासून घ्या, असं त्यांनी बजावलं. गोळ्या सुरू झाल्या, पण ललिताबाईच्या अंगात आता ताकदच उरली नव्हती.

हेमराजने रजा टाकली. मास्क बांधून तो आईच्या उशाशी बसून राहायचा, तिला पेज भरवायचा. शेवटच्या सकाळी त्याने तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवून घेतला.

"दूर बस बापू," ती कशीबशी म्हणाली, "तुले लागन."

आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. हेमराज आणखी जवळ सरकला, लेकरासारखा रडला, पण तिने काही तोंड वळवलं नाही.

आता गल्लीत कुणाचा खोकला लांबला की हेमराज स्वतःच्या गाडीवर बसवून त्याला तपासायला नेतो. कुणी आभार मानले तर मान खाली घालतो.

वाचकहो, घराला आजारापासून जपावंच. पण ज्याला आजार झाला, तोही घरचाच असतो. दोन आठवडे खोकला थांबला नाही तर त्याला आधी दवाखान्यात न्या. त्याचं ताट वेगळं करण्याआधी, त्याला काय होतंय ते विचारा.