वाळुंजांच्या वसाहतीतलं घर

लिफ्टच्या छतावर उकिडवा बसून आन्सेल्मो तारेच्या दोरांना वंगण लावत होता. खिशातला फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला, तेव्हा त्यानं हात पँटला पुसून तो कानाला लावला.

"आई घरात नाहीयेत," त्याची बायको मारिसेला धापा टाकत म्हणाली. "कारखान्यातून जेवायला म्हणून आले, तर दार नुसतं ओढलेलं. सगळी गल्ली पालथी घातली मी."

"शेजारी कुणाला विचारलंस?"

"शेजारी आहे कोण विचारायला?"

खरंच कुणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा गल्ली भरलेली होती. मेक्सिको शहराबाहेर, उघड्या माळावर एकसारख्या घरांच्या रांगा होत्या, आणि कमानीवर लिहिलं होतं 'वाळुंजांची वसाहत'. वाळुंजाचं सोडाच, माणूस सावलीला उभा राहील असं एकही झाड नव्हतं. पण बघायला गेले त्या दिवशी आईनं न्हाणीघरातला नळ सोडला आणि धारेखाली हात धरून ती कितीतरी वेळ हसत राहिली. जन्मभर चाळीत बादल्या वाहिलेली बाई. अंगात ताप असताना संडासाच्या रांगेत उभी राहिलेली. आन्सेल्मोला त्या दिवशी वाटलं, जिंकलो आपण.

हप्ता पगारात बसत होता. प्रवास तेवढा त्यानं हिशेबात धरला नव्हता. अंधारात निघायचं, व्हॅन, मग बस, मग मेट्रो. परत येईपर्यंत मुली झोपलेल्या, आई झोपलेली. रविवारी जादा काम, नाहीतर नुसती झोप. नळाचं पाणी पहिल्याच उन्हाळ्यात गेलं आणि टँकर सुरू झाला. जाण्यायेण्याला कंटाळून एकेक कुटुंब निघून गेलं आणि त्यांच्या रिकाम्या घरांच्या खिडक्यासुद्धा लोकांनी उखडून नेल्या. मागच्या वर्षी आई पाव आणायला गेली आणि सारख्याच दिसणाऱ्या दारांमध्ये आपलं दार तिला सापडेना. एका ओसाड घराच्या पायरीवर बसून होती, मारिसेला येईपर्यंत.

म्हणूनच आता त्यानं काम अर्धवट टाकलं. तो छतावरून खाली उतरला, मुकादमाला सांगायला निघाला, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आवाज ओतिलियाचा होता, जुन्या चाळीतल्या शेजारणीचा.

"घाबरू नकोस रे. तुझी आई माझ्याकडे आहे. निवडुंगाचे काटे काढतेय. अर्धी भाजी काट्यांबरोबर फेकतेय, नजर गेली तिची."

मागून आईचा आवाज आला, "तुझ्या सुरीला धार नाही ते सांग की त्याला!"

आई सापडल्याचं मारिसेलाला कळवून तो निघाला. चाळ तिथून चालत दहा मिनिटांवर होती. चार वर्षं तो इतक्या जवळ काम करत होता, पण बस चुकेल या धास्तीनं एकदाही तिकडे वळला नव्हता. त्यांची वरची खोली आता कुणा फेरीवाल्याचं गोदाम झाली होती. खाली चौकात, ओतिलियाच्या दारापुढं, आई मांडीवर परात घेऊन बसली होती. अंगात ठेवणीतला झगा होता.

"आलीस कशी तू?"

"टँकरवाल्याला म्हटलं, हमरस्त्यापर्यंत सोड. चांगला आहे बिचारा. पुढं विचारत विचारत आले."

"सांगून यायचं ना! माझा जीव गेला असता."

"सांगितलं असतं, तर येऊ दिलं असतंस?" तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे बघतच राहिली. "इकडे ये. उजेडात ये जरा."

तो पुढं होऊन वाकला. तिनं ओल्या हातानं त्याच्या कानावरचे केस मागं सारले.

"हे कधी पिकले रे?"

ओतिलिया आत वळली आणि तिनं उगाचच भांडी वाजवली.

तिघं तिथंच जेवली. गरम टॉर्टिया, राजमा, निवडुंगाची भाजी, हिरवी चटणी. जेवता जेवता आई सहज बोलावं तसं म्हणाली, "मी इथंच राहते. हिचे गुडघे गेलेत, तिला कुणीतरी लागतंच."

"आई, इथं अजून सामायिक संडास आहे."

"रांगेत बोलायला माणसं तरी असतात."

"अगं, ते घर तुझ्यासाठी घेतलं ना मी."

"माहीत आहे, बाळा. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही."

"विकून टाकू ते," तो म्हणाला.

"घेणार कोण?" ओतिलियानं विचारलं. त्यालाही ते ठाऊक होतं. कर्ज फिटेपर्यंत त्याचं म्हातारपण येणार होतं.

"लोक म्हणतील, मुलानं आईला हाकलून दिलं."

"सांग त्यांना, आई पळून गेली!"

"तेही माझ्याबरोबर," ओतिलिया म्हणाली आणि दोघी म्हाताऱ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आईला असं हसताना त्यानं त्या नळाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

कामावर परतताना त्यानं मारिसेलाला पुन्हा फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझं काही चुकलं का?" ती म्हणाली.

"नाही गं."

"मी त्यांना कधी उणं बोलले नाही."

"नाही बोललीस. तू चांगलंच वागलीस."

"मग?"

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. फोनमधून माळावरच्या वाऱ्याचा आवाज येत होता.

आईनं कपड्यांखेरीज एकच वस्तू मागितली होती, तिची बुटकी, लव्हाळ्यानं विणलेली खुर्ची. पलंग नको म्हणाली, मुलींना होईल. रविवारी सकाळी आन्सेल्मो कपड्यांची पिशवी आणि ती खुर्ची घेऊन निघाला. धाकटी मुलगी दारात येऊन विचारत होती, "आजी परत येणार आहे का?" तो म्हणाला, "आपण जायचं तिच्याकडे." कधी, ते त्यानं सांगितलं नाही.

बस खचाखच भरलेली होती.

"काय शेठ, घर हलवताय वाटतं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही. आईची खुर्ची आहे."

"मग मधे ठेवा आणि बसा की! खुर्ची असून उभे काय राहता?"

लोक हसले, सरकले, त्यांनी जागा करून दिली. पिशवी पायांशी धरून तो बसला. उभ्या माणसांचे गुडघे त्याच्या खांद्यांना लागत होते आणि इतक्या खालून खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. वर्षानुवर्षांच्या बसण्यानं लव्हाळ्याची वीण मधोमध खोलगट झाली होती. तो खळगा आईच्या मापाचा होता, त्याला तो पुरेना. तरी तो कडेला सरकला नाही. शहर येईपर्यंत अंग चोरून त्यातच बसून राहिला.