हाताला न आवरणारी गाडी

घोड्यावर बसायची हौस असली की माणूस घोडा घेतो, हे समजण्यासारखं आहे. पण घेतलेल्या घोड्यापुढं आणखी नोटा धरून 'बाबा, आता जरा जोरात पळ' म्हणणारा माणूस अख्ख्या चौक गावात एकच, आणि तो नेमका हमिदाच्या वाट्याला आला होता.

युनूसचं जुन्या हायवेवर टायरचं दुकान. पाऊस सरता सरता त्यानं विजेवरची गाडी घेतली, ती हमिदाच्या नावावर. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता. बाईच्या नावावर कर्जाचं व्याज थोडं कमी लागतं, म्हणून अर्ध्या तालुक्याच्या गाड्या बायकांच्या नावावर असतात आणि किल्ल्या नवऱ्यांच्या खिशात. हमिदानं शोरूममध्ये सांगतील तिथं सह्या केल्या, हार घातलेल्या गाडीसमोर फोटो काढून घेतला आणि मागच्या सीटवर बसून घरी आली.

तिला गाडीची हौस नव्हती. तिला नेरळला जायचं होतं. नेरळला तिची आई एकटी राहत होती. भाऊ हमदान दुबईला, आणि आईचे गुडघे असे की जिना उतरायचा म्हणजे दिवसभराचं काम. रिक्षा बदलत बदलत जायचं तर निम्मा दिवस रस्त्यातच जायचा. आणि युनूसनं नेलं तर तो उंबऱ्यावर उभा राहूनच म्हणायचा, "अर्धा तास हाय हां, दुकान उघडं टाकून आलोय." आईची खिचडी शिजायच्या आत हमिदा परत गाडीत. येताना दर वेळी ती मागं वळून आईच्या बाल्कनीकडं बघायची, आणि शेजारचा हा बाबा टायरच्या भावाबद्दल बोलत असायचा.

"मला शिकू द्या ना गाडी," ती म्हणाली होती.

"लायसन काढ, मग बघू."

नवऱ्याच्या 'मग बघू'चा अर्थ कुठल्याही बाईला विचारा. पण हमिदानं तो शब्द गाठीला बांधून ठेवला. कर्जतला नम्रता नावाची एक बाई ड्रायव्हिंगचा क्लास चालवते. तिथं ती जयवंताला सोबत घेऊन जायला लागली. जयवंता म्हणजे येसाजीची बायको, आणि येसाजी म्हणजे युनूसचा शाळेपासूनचा दोस्त, टेंपोवाला. या दोघा दोस्तांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय अन्न पचत नसे. हमिदानं पहिल्या आठवड्यात नम्रताच्या गाडीचा एक आरसा फोडला, दुसऱ्या आठवड्यात एका म्हशीची माफी मागितली, आणि अखेर लायसन काढलं. पोस्टातून आलं त्या दिवशी तिनं ते युनूसच्या ताटाशेजारी ठेवलं.

युनूसनं ते उलटंसुलटं करून पाहिलं. "फोटो चांगला आलाय," म्हणाला. "बघू रविवारी."

रविवार उजाडायच्या आधीच स्वारीनं घोळ घातला. नाक्यावर कुणीतरी त्याला सांगितलं होतं, या गाडीला कंपनीनं मुद्दामच हळू ठेवलंय. पैसे भरले की हवेतून नवीन सॉफ्टवेअर येतं आणि तीच गाडी वाऱ्यासारखी सुटते. ना पाना, ना पेचकस, बोनेटसुद्धा उघडायचं नाही. झालं! त्यानं फोनवरून पैसे भरले. पण गाडीच्या अ‍ॅपमध्ये हमिदा 'मालक' होती आणि युनूस 'ड्रायव्हर'. परवानगीचा नंबर आला हमिदाच्या फोनवर.

"नंबर सांग गं पटकन."

"कशाचा?"

"गाडीचं कायतरी अपडेट हाय. सांग."

तिनं सांगितला. रात्रभरात गाडीत जे यायचं ते आलं, आणि रविवारी सकाळी हमिदा ओढणी नीट करून किल्लीसाठी हात पुढं करून उभी राहिली.

"आता नाय गं," युनूस म्हणाला. "आता गाडी लई फास्ट केलीय. पाय ठेवला का उडते. तुझ्या हाताला आवरायची नाय."

"मग फास्ट केली कशाला?"

"म्हंजे काय? गाडी हाय, का पाळणा हाय?"

आणि किल्ली खिशात टाकून तो नाक्यावर गेला. हमिदाला रडू आलं नाही. तिला आला राग, चांगला सणसणीत. असं आहे तर! दोन महिने घासून लायसन काढायचं, आणि लायसन आलं की यानं गाडीच अशी करून ठेवायची की लायसनचा उपयोग नको. तेवढ्यात तिच्या फोनवर कंपनीचा निरोप आला: 'अभिनंदन हमिदा! तुमची गाडी आता अधिक वेगवान झाली आहे.' खाली भरलेल्या पैशांचा आकडा. तेवढ्या पैशांत घरातला फ्रिज बदलून झाला असता.

"माझी गाडी काय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पहिल्यांदाच ते अ‍ॅप नीट उघडून बसली. सगळं मराठीत होतं. गाडी कुठं आहे ते दिसत होतं, नाक्यावर भजीच्या गाडीसमोर. काचा बंद करता येत होत्या, हॉर्नसुद्धा वाजवता येत होता. आणि खाली एक ओळ होती: 'इतर कुणी गाडी चालवत असताना कमाल वेग ठरवा.' चाळीसपासून पुढं कितीही. हमिदा त्या ओळीकडं बघत राहिली, आणि मग हसली. तिनं जयवंताला फोन लावला.

तिकडं नाक्यावर युनूसनं तोंडाचा पट्टा सोडलाच होता. येसाजी टेंपोत भाताचा पेंढा भरून कर्जतच्या तबेल्याकडं निघायच्या तयारीत होता. त्याला बघून युनूस म्हणाला, "तू अर्ध्या रस्त्यात असशील रं, तवर मी कर्जतच्या चार फाट्यावर च्या पिऊन कप खाली ठेवला असंल."

"माझा पेंढ्याचा टेंपो बी तुझ्या खेळण्याच्या फुडं जाईल," येसाजी म्हणाला.

"लाव पैज!"

"लावली. हरंल त्यानं चार फाट्यावर समद्यांला भजी घालायची."

भजी म्हटल्यावर नाक्यावरची रिकामटेकडी मंडळी दोन रिक्षा करून आधीच कर्जतला निघाली. जयवंता येऊन टेंपोत नवऱ्याशेजारी बसली. हमिदा पिशवी घेऊन आली आणि गाडीत पुढं बसली. "मला बाजार करायचाय," ती म्हणाली. फोन तिच्या मांडीवर होता.

युनूसनं गाडी चालू केली. समोरच्या काचेच्या पाटीवर एक छोटं पिवळं चित्र उगवलं. येसाजी निघता निघता खिडकीतून डोकावला.

"ह्ये कासव कशाला रं?"

"काय की. नवीन अपडेटमधी आलं असंल."

"आरं शुभ हाय! आमच्या देवळात गाभाऱ्याम्होरं अस्तं नव्हं? त्येच. कंपनीवाल्यांनी इचार करून घातलंय."

"मंग!" युनूस छाती फुगवून म्हणाला. "पैसे काय उगाच भरलेत?"

हमिदानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. टेंपोत जयवंतानं पदर तोंडात कोंबला होता.

नाक्यावर एकानं रुमाल हलवला आणि दोघं सुटले. युनूसनं पाय ठेवला, आणि खरंच, गाडीनं अशी उसळी मारली की हमिदाची पाठ सीटला चिकटली. डोळा मिटून उघडेपर्यंत टेंपो मागं! "बघ, बघ!" युनूस ओरडला. हमिदानं क्षणभर मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं. आणि मग गाडी चाळीसवर आली आणि चाळीसवरच राहिली. युनूसनं पाय आणखी दाबला. चाळीस. पार तळाला नेला. चाळीस. उतार आला तरी चाळीस, म्हणजे शहाण्या सुनेसारखी एवढीही इकडंतिकडं नाही.

"काय झालं?" हमिदानं विचारलं.

"गरम व्हायला टाइम लागत असंल."

मागून येसाजीचा टेंपो खडखडत आला. आधी त्याचा हॉर्न आला, मग जयवंताचा हात हलताना दिसला, आणि मग तो ढिगारा शेजारून हळूहळू, अगदी दाखवून दाखवून पुढं गेला. वाऱ्यानं मूठभर पेंढा उडून युनूसच्या बोनेटवर पडला. मग एक दूधवाला बुलेटवरून पुढं गेला. मग शेअर रिक्षा गेली, आणि तिच्यातल्या बायकांनी वळून बघितलं. युनूस हमरीतुमरीवर आला. स्टेअरिंगवर थापा मारल्या, कंपनीच्या सात पिढ्या काढल्या, कासवाला बोटानं खरवडलं. कासव ढिम्म.

"सावकाश चालवा हो," हमिदा म्हणाली. "घाई कशाला?"

चार फाट्यावर पोचले तेव्हा येसाजी टेंपोच्या पायरीवर बसून दुसरा चहा पीत होता आणि मंडळींनी भजीची ऑर्डर देऊनसुद्धा टाकली होती.

"काय रं, वाटंत जेवून आलास का काय?"

सगळे खो-खो हसले. युनूस लाल झाला. येसाजीला तर आज रानच मोकळं मिळालं होतं. तो उठला, गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "गाडी झकास हाय रं. चालवणाऱ्यात दम नाय, त्याला गाडी काय करंल?"

माणसाला काहीही म्हणा, पण चार लोकांत त्याच्या चालवण्याला नावं ठेवू नका. युनूस भडकला.

"चालवणाऱ्याला काय बोलतोस? गाडीच चालत नाय! चाळीसच्या वर जायला तयार नाय! आरं, असली गाडी तर घरातली बाई बी चालवंल!"

"खरंच?" हमिदा म्हणाली.

ती कधीच उतरून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली होती. एका हातात लायसन, दुसरा हात पुढं. हसणं थांबलं. नाक्यावरची सगळी मंडळी आधी त्या हाताकडं आणि मग युनूसकडं बघायला लागली. आता 'नको' म्हणायचं तर गाडी फास्ट आहे म्हणायला हवं, आणि गाडी फास्ट आहे म्हटलं तर हरला कोण? इकडं आड आणि तिकडं विहीर.

"दे की रं," येसाजी म्हणाला. "आत्ताच बोल्लास नव्हं?"

युनूसनं खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. मग तो भजीवाल्याला पैसे देऊन आला आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसला.

हमिदानं गाडी बाजाराकडं नेलीच नाही. नेरळच्या रस्त्याला लावली, आणि गाव मागं पडल्यावर कडेला थांबवून फोन काढला. युनूसच्या डोळ्यांदेखत कासव गेलं.

"ह्ये काय केलंस?"

"चाळीस काढलं."

त्यानं फोनकडं, मग पाटीकडं, मग तिच्याकडं बघितलं. "म्हंजे तू... समद्यांम्होरं माझी..."

"तुमची काय? अब्रू गेली ती गाडीची. तुमीच बोल्लात, चूक गाडीची हाय म्हून."

तिनं पाय ठेवला. गाडी झेपावली. तिनं पाय उचलला, पुन्हा अलगद ठेवला. पन्नास, साठ. डाव्या हाताला माथेरानचा डोंगर सरकत होता आणि गाडी तिच्या हाताला छान आवरत होती. शेजारी युनूस प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होता. हमिदाला इतका आनंद झाला होता की तिला मोठ्यानं गावंसं वाटलं, पण त्याची दया येऊन ती गप्प बसली.

आई बाल्कनीतच होती. वर गेल्यावर तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, पाणी दिलं, आणि सवयीनं जावयाकडं बघून हळूच विचारलं, "किती वेळ हाय?"

युनूसनं तोंड उघडलं. मग त्याला आठवलं की किल्ली आपल्याकडं नाही, आणि त्यानं हमिदाकडं बघितलं.

"आज मुक्काम, अम्मी," हमिदा म्हणाली. "ह्यांना घाई असंल तर नाक्यावर शेअर रिक्षा मिळते."

आईचे डोळे भरून आले. ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि तांदळाच्या डब्यात हात घालत तिनं आतून विचारलं, "दोघांचं टाकू का तिघांचं?"

युनूस उंबऱ्यावर घुटमळला. इतक्या वर्षांत त्या घरात त्यानं एकदाही चपला काढल्या नव्हत्या. त्यानं त्या काढल्या, भिंतीशी नीट लावून ठेवल्या, आणि म्हणाला, "तिघांचं टाका."